शकूच्या कोंबडीचा रंग

भिकन पगारेने आयुष्यात एकच कोंबडी चुकीची कापली, आणि ती निस्तरायला त्याला अकरा वर्षं लागली.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची. भिकन तेव्हा नाशिकजवळ सातपूरच्या एका कारखान्यात, पेंट शॉपमध्ये टेंपररी होता. कारखाना विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे डबे बनवायचा आणि भिकन त्यांच्यावर रंगाचा फवारा मारायचा. टेंपररी माणूस दर सहा महिन्यांनी घरी बसायचा, मग पुन्हा कामावर जायचा आणि पुन्हा घरी बसायचा. पर्मनंट कोणाला करायचं हे ऑफिस ठरवत असे आणि ऑफिसने काय ठरवायचं हे फोरमन वाल्मीकराव ठरवत असत. असे हे वाल्मीकराव एक दिवस चहाच्या सुट्टीत म्हणाले, "भिकन, परवा सुट्टीला तुझ्याकडं जेवायला येतो रे. कोंबडी कर."

पेंट शॉप जागच्या जागी थांबलं. वाल्मीकरावांच्या घराण्यातल्या माणसाने पगाऱ्यांच्या घरी जेवायला जाणं म्हणजे क्रांतीच होती. आणि क्रांतीला रस्सा लागतो.

भिकनचं लग्न होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. बायको शकू कळवणकडच्या एका खेड्यातली. येताना तिने एसटीत मांडीवर पाटी घेऊन, वर फडकं बांधून माहेरची एक कोंबडी आणली होती. कोंबडी खोलीच्या मागच्या परसात फिरायची, अंडी घालायची, आणि शकू बाहेर आली की तिच्या पायात पायात करायची. भिकनच्या हिशेबी घरात एक कोंबडी होती आणि फोरमनला एक कोंबडी हवी होती. शकू सकाळी नळावर गेली, नळाला रांग होती, आणि ती दोन हंडे घेऊन परत आली तेव्हा कोंबडी परातीत होती.

शकूने हंडे खाली ठेवले. पिसं वाऱ्याने उडत होती, ती गोळा करून एका फडक्यात बांधली. मग विचारलं, "रस्सा किती तिखट करू?"

नवऱ्यांना अशा वेळी जे ऐकायचं तेवढंच ऐकू येतं. भिकनला ऐकू आलं की हिची काही हरकत नाही.

वाल्मीकरावांनी तीनदा रस्सा घेतला, वहिनींच्या हाताला चव आहे म्हणाले, आणि हात धुताना हळू आवाजात भिकनला सांगितलं, "घरी मी हॉटेलात जेवतो असं सांगून आलोय. उगाच विषय नको वाढवू." क्रांती अशी हात धुऊन निघून गेली. शकू जेवली नाही, पोटात बरं नाही म्हणाली. चार महिन्यांनी भिकन पर्मनंट झाला, पेढे वाटले गेले, आणि कोंबडीचा विषय तिथे संपला असं त्याला वाटलं.

पुढची दोन वर्षं भिकनचा डोळा पेंट शॉपमध्ये नावारूपाला आला. दोन डबे शेजारी ठेवले आणि एकाची शेड केसभर जरी हलली तरी तो दारातून ओळखायचा. साहेब लोक हातात शेडकार्ड घेऊन यायचे आणि भिकनकडे बघायचे. भिकन मान हलवायचा, तेव्हा माल ट्रकवर चढायचा. अशा माणसाला घरी दुसरा विषय नसतो. एका संध्याकाळी तो चुलीपुढे बसून शकूला सांगत होता की आजच्या स्मोक ग्रेमध्ये निळा कसा केसभर जास्त पडला, कोणालाच कसा दिसला नाही, आणि त्याने एकट्याने कसे चाळीस डबे परत लावले.

शकू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या कोंबडीचा रंग कसा व्हता?"

"कुठल्या कोंबडीचा?"

"तुम्ही कापली ती."

भिकनने तोंड उघडलं. मग त्याच्या लक्षात आलं की सांगायला आत काहीच नाही. "लाल होती ना?" तो म्हणाला. शकूने भाकरी तव्यावर टाकली. "काळपट होती. नाही, पांढरट..."

"सांगा. केसभर इकडंतिकडं चालंल."

भिकन भाकरीकडे बघत राहिला. दोन महिने ती कोंबडी त्याच्या परसात होती. त्याने ती हातात धरली होती, तिची पिसं स्वतः उपटली होती, आणि त्याला तिचा रंग माहीत नव्हता.

"राहू द्या," शकू म्हणाली. "जेवा. भाकरी निवती."

ती एवढंच बोलली. ओरडली असती तर भिकनला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्या बायकोचं काय करायचं हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. आठ दिवस तो कारखान्यात मुकाट काम करत राहिला. नवव्या दिवशी घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच त्याने विचारलं, "कसा होता?"

शकूला कळलं. तिने बराच वेळ विचार केला. इतका वेळ, की भिकनने तेवढ्यात चप्पल काढली, पाय धुतले आणि बसला.

"तांबूस," ती म्हणाली. "पण लाल नाय. जांभळं खाल्ल्यावर बोटं धुतली तरी जे राहतं ना, तसं वरून. उन्हात निराळा दिसायचा."

भिकनने कंपनीच्या डायरीत लिहून घेतलं: तांबूस, वर जांभळाची झाक, उन्हात तपासणे.

बुधवारच्या बाजारात नदीकाठी कोंबड्यावाले ओळीने बसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नवसाची का खायची?" तिसऱ्या कामासाठी कोणी कोंबडी घेतं हे बाजाराला ठाऊक नव्हतं. "रंगाची," भिकन म्हणाला. कोंबड्यावाल्याने त्याच्याकडे नीट बघितलं आणि शेजारच्याला सांगितलं, "पाव्हण्याला तू दाखव."

एक तांबडी कोंबडी घेऊन तो घरी आला. शकूने ती उन्हात धरायला लावली, फिरवायला लावली, पंख उचलून बघितला. "ही विटकरी," ती म्हणाली. पुढच्या बुधवारी काळी आणली. "ही कोळसा." तिसऱ्या बुधवारी भिकनने ठरवलं की बाजारात शेड तयार मिळत नसेल तर ती बनवावी लागेल. त्याचं कामच ते होतं.

इथे त्याने पेंटरच करू शकेल अशी चूक केली. लालमध्ये थोडा काळा टाकला की तांबूस काळा येतो, हे त्याने हजार वेळा केलं होतं. तेव्हा बाजारातून एक तांबडा कोंबडा आणला आणि काळ्या कोंबडीबरोबर सोडला की काम झालं. खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी मांडली, नऊ पिल्लं निघाली. कोंबडीच्या पिल्लाचा खरा रंग समजायला पाचसहा महिने जातात, तोवर ती रोज वेगळी दिसतात. ते सहा महिने भिकन कामावरून आला की आधी परसात जायचा. शेवटी जे समोर आलं त्यात पाच पूर्ण काळी होती, तिघांच्या फक्त मानेला तांबडं होतं, आणि एक कोणत्याच हिशेबात बसत नव्हतं.

"मिसळलंच नाही," तो हताश होऊन म्हणाला. "नुसतं शेजारीशेजारी बसलंय."

"या तिघींची मान जवळ आलीये," शकू म्हणाली. "पण अजून नाय. बसा जरा, नीट बघू द्या."

मग दोघं परसात दगडावर बसली. भिकन एकेक तलंग, म्हणजे नुकती वयात आलेली कोंबडी, उचलून उन्हात धरायचा. शकू चहाची कपबशी हातात घेऊन बघायची आणि बोलायची. "पाठीवर अजून गर्द पायजे. वांग्याच्या देठाशी असतो बघा, तसा." भिकन लिहायचा. "शेपटीत दोन पिसं हिरवट व्हती. माशीच्या अंगावर असतं तसं." तेही लिहायचा. पुढच्या हंगामाला कुठली कोंबडी कुठल्या कोंबड्याला लावायची यावर बोलणं व्हायचं, तेवढ्यात शेजारपाजारच्या, गावाकडच्या, शाळेच्या गोष्टी निघायच्या, आणि चहा दुसऱ्यांदा ठेवला जायचा. याआधी भिकन कामावरून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

अशी वर्षं गेली. शेजारच्या कारखान्यात वायरीवर चढवायच्या रंगीत नळ्यांचे तुकडे टाकून देत, ते आणून भिकनने कोंबड्यांच्या पायात कडी घातली. पिवळी कडी पहिल्या पिढीची, हिरवी दुसऱ्या पिढीची, निळी त्यापुढची. दोन मुली झाल्या, त्यांच्या पायात काही घातलं नाही. त्या हाकेने ओळखता येत होत्या. डायरी भरली, दुसरी आणली. परसातल्या कोंबड्यांवर खरंच एक रंग चढत चालला होता. येणारेजाणारे कुंपणाशी थांबून बघू लागले.

थांबणाऱ्यांत शेजारच्या खोलीतला पुंजा होता. त्याला गावच्या म्हसोबाला काळा कोंबडा द्यायचा होता, अंगावर दुसऱ्या रंगाचं एक पीस नको. असा कोंबडा सगळ्या सातपुरात भिकनकडेच होता.

"कापायला देत नाही," भिकन म्हणाला.

"मग ठेवलाय कशाला?"

"रंगाला."

"रंग काय चाटतो का?" पुंजाने विचारलं, आणि मग आपल्या परीने अर्थ लावून चाळभर सांगितलं की भिकन धम्मात फार खोल गेलाय, जीवहत्या पूर्ण बंद. मंडळाच्या लोकांनी येऊन बुद्धपौर्णिमेला अहिंसेवर चार शब्द बोलायची विनंती केली. भिकन नेमका बाहेरून येत होता. सेकंड शिफ्ट आहे म्हणाला. त्याच्या हातातल्या पिशवीत तेव्हा अर्धा किलो मटण होतं.

पुंजाने या नकाराचा सूड घेतला नाही. सूड सरकारने घेतला. अठ्ठ्याहत्तर साली एक योजना आली. गावठी कोंबडा द्या आणि सुधारित जातीचा पांढराशुभ्र कोंबडा घेऊन जा. पुंजाने आणला. सुधारित कोंबड्याला कुंपण म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या हंगामात भिकनच्या चार उत्तम कोंबड्यांखालून चौदा पिल्लं निघाली आणि वाढली ती चौदाच्या चौदा पांढरी. कुठे कुठे एखादा काळा ठिपका, कोणी ब्रश झटकल्यासारखा.

भिकन परसात उभा राहिला. "तीन वर्षं," तो म्हणाला. "पांढरा हा रंग तरी आहे का? प्रायमर आहे तो. संपलं. विकून टाकतो सगळ्या."

शकू कुंपणाशी आली. तिचा चेहरा उतरला होता आणि तो कोंबड्यांसाठी उतरलाय असं भिकनला वाटलं.

"प्रायमरखाली पत्रा असतो ना?" ती म्हणाली.

"असतो. मग?"

"मग दोन पांढऱ्या ठेवा. तो जुना तांबडा हाये ना, त्याच्याजवळ सोडा. एक खेप बघू. एकच."

तिचा आवाज असा होता, की भिकनने मुकाट दोन ठेवल्या. पुढच्या हंगामात निम्मी पिल्लं पांढरी निघाली आणि निम्म्यांत जुना रंग जिथल्या तिथे होता. एकाच्या अंगावर पट्टे होते, ते कुठून आले हे कोणाला सांगता आलं नाही. भिकनने कारखान्यात हे सगळ्यांना सांगितलं. वरचा पांढरा नुसता हात असतो, खालचा रंग जात नाही. लोकांनी ऐकून घेतलं. तो आता पेंट शॉपचा चार्जहँड होता आणि चार्जहँडचं ऐकावं लागतं.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात शकूची आई विठाबाई कवळी बसवायला नाशिकला आली आणि आठ दिवस राहिली. दात काढून झाले होते, कवळी व्हायची होती, त्यामुळे म्हातारी सगळं मऊ मऊ खायची आणि मऊ मऊ बोलायची. एका सकाळी शकू रेशनला गेली होती. भिकनची सेकंड शिफ्ट होती. म्हातारी परसात उन्हाला बसलेली, पुढे कोंबड्या चरत होत्या.

इतक्या वर्षांत भिकनने हा प्रश्न सासरी कधी विचारला नव्हता. विचारला असता तर कोंबडीचं काय झालं हेही सांगावं लागलं असतं, आणि माहेरची कोंबडी फोरमनला घातली हे सासूला सांगणारा जावई अजून जन्मायचा होता. पण अकरा वर्षं झाली होती. समोर ऊन होतं, आणि म्हातारीला दात नव्हते.

"मामी," तो म्हणाला, "लग्नात शकूसंगं तुम्ही एक कोंबडी दिली होती."

"मुंगसानं नेली ती," विठाबाई लगेच म्हणाली.

भिकनने चमकून मान वर केली.

"शकीनं पत्र लिहून घेतलं व्हतं ना कोणाकडून तरी. तुम्ही कामावर गेल्याले, ही नळावर, तेवढ्यात मुंगूस आलं. आमच्या म्हाताऱ्याला वाटलं, जावायानंच कापली आसंल. मी म्हणलं, नाय, पाव्हणं तसं नाय. शकी खोटं कशाला लिहील?"

"हो," भिकन म्हणाला. "मुंगूसच."

त्याने पायाजवळचं एक पीस उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "रंग कसा होता हो तिचा?"

"रंग?" म्हातारी हसली. "तिला कुठला आलाय रंग. मातकट व्हती. भुईवर बसली तं दिसायची नाय. दोनदा बाजारात नेली, कोणी हात लावंना. मग शकी म्हणली, मलाच द्या. तिनंच पिल्लापासून वाढवलेली ना. तिच्या हातावर दाणं खायची. लय जीव व्हता तिचा."

"तांबूस नव्हती? जांभळासारखी झाक, पाठीवर?"

विठाबाईने जावयाकडे काळजीने बघितलं. "पाव्हणं," ती म्हणाली, "जांभळासारखी कोंबडी कुठं आसती का?"

समोर तशा पाच चरत होत्या.

शिफ्टला जाताना भिकनने सायकलवर बसून राग शोधला. नऊ वर्षं, दोन डायऱ्या, किती पिढ्या कोंबड्यांच्या. राग यायला हरकत नव्हती. पण राग आणायला बसला की त्याला दगडावर बसलेली शकू दिसायची, कपबशी हातात, 'बसा जरा, नीट बघू द्या' म्हणणारी. पांढऱ्या पिल्लांच्या वर्षी तिचा उतरलेला चेहरा दिसायचा. आणि त्याच्याही मागे, लग्नाला दोन महिने झालेली एकोणीस वर्षांची पोरगी शेजारणीला बसवून पत्र सांगताना दिसायची, की मुंगूस आलं. त्या दिवशी पेंट शॉपमध्ये एका डब्याची शेड हलली होती, ती भिकनला दिसली नाही. दुसऱ्याने दाखवली.

म्हातारी कवळी घालून कळवणला गेली. पुढच्या सुट्टीला संध्याकाळी ऊन कललं तेव्हा भिकनने नव्या पिल्लांतली एक तलंग उचलली. ही त्याची सर्वांत चांगली कोंबडी होती. मान तांब्याची, पाठ गर्द, वर जांभळाची झाक, शेपटीत दोन पिसं हिरवी. तीन जिल्ह्यांत अशी कोंबडी नसेल.

शकू बाहेर आली. तिच्या चालण्यावरून भिकनला कळलं की जाताना आई काहीतरी बोलून गेली आहे. ती दगडावर बसली. कोंबडी फिरवायला लावली नाही, पंख उचलायला लावला नाही.

"हीच," ती म्हणाली.

"हीच?"

"हीच ती. अगदी हीच." तिने पदर सारखा केला. "झालं बघा. सुटलात."

भिकनने कोंबडी उन्हात धरली. डोळे बारीक केले. शेडकार्ड घेऊन साहेब लोक थांबायचे तेवढा वेळ शकूला थांबवलं.

"नाही," तो म्हणाला.

शकूने त्याच्याकडे बघितलं.

"मानेखाली कमी आहे."

"कुठं?"

"हे इथं. जवळ ये, तिथून नाही दिसणार."

शकू सरकली. त्याने अंगठ्याने मानेची पिसं उलटी केली. तिथे काहीही कमी नव्हतं. शकूने वाकून बराच वेळ बघितलं. कोंबडी कंटाळून त्याच्या मनगटावर चोच घासू लागली.

"असंल," शकू म्हणाली. 

"त्या मुंगसाला," भिकन कोंबडीकडे बघत म्हणाला, "तेव्हा कळलं नाही गं, कोंबडी कोणाची ते."

 शकूने हात पुढे केला, त्याच्या हातातून कोंबडी घेतली आणि मांडीवर बसवली.

"मुंगसाला पर्मनंट व्हायचं व्हतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण विचारायचं तरी."

"हो."

"नळावर तर व्हते मी."

"हो गं."

आतून थोरलीने चहा होत आल्याचं सांगितलं. शकू कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भिकनने डायरी काढली, पान उलटलं, खिशात पेन्सिल शोधली.

"हिला कोणता कोंबडा लावायचा म्हणता?" शकूने विचारलं.

"निळ्या कड्याचा."

"तो नको. पाय वाकडे त्याचे. तो दुसरा बघा, त्या पट्टेवालीचा. बसा, मी सांगते."